भोंग्याचा पुरावा

माझा आवाज मोठा आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. लग्न ठरवायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी माझ्या वडिलांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मुलगा रागीट आहे का हो?" वडील म्हणाले, "छे हो, तो तुमची तब्येत विचारतोय." आता अशा माणसाने पोटापाण्यासाठी काय करावं? मी आरोग्य खात्यात भोंग्यावर लागलो.

जीपच्या टपावर दोन भोंगे, आत माझ्या हातात माईक. "नागरिकांनो, सावधान! डासांचा ताप पसरतो आहे! पाणी उघडं साठवू नका! पिंपं, टाक्या झाकून ठेवा हो! अध्यक्षसाहेबांच्या आदेशावरून!" बावीस वर्षं हेच ओरडत आलो, नगराध्यक्ष बदलले तरी शब्द तेच. लोक मला भोंगा म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला काय कळत नाही का? आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमानच होता.

जीप चालवणाऱ्याला आम्ही गियर म्हणतो, कारण त्याने जन्मात कधी दुसऱ्या गियरच्या वर गाडी नेलेली नाही. त्याच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, आणि तो निवृत्तीकडेही दुसऱ्याच गियरमध्ये चाललाय. जीप काही आमच्या एकट्याची नाही. आमच्या कचेरीत सगळंच निम्मं निम्मं. निम्मा आठवडा ती आरोग्य खात्याची आणि निम्मा आठवडा पाणीपुरवठ्याची. पाणीपुरवठ्याचे दिवस आले की मी त्याच जीपमधून, त्याच माईकवरून "उद्या पाणी येणार नाही" म्हणून ओरडतो. खाती दोन, घसा एक, आणि गोळ्या चघळायला माझ्या खिशातल्या.

आमची बायकोही याच खात्यात. ती घरोघर पायी फिरते, पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या आहेत का बघते आणि तशी नोंद करते. संध्याकाळी घरी आलो की तिचे पाय दुखत असतात आणि माझा घसा, मग कुणाचं दुखणं मोठं यावरून आमची जुंपते. "तुम्ही बसून फिरता," हा तिचा ठरलेला टोमणा. "बसून ओरडून बघ एकदा," हे माझं ठरलेलं उत्तर.

सगळं कसं छान चाललं होतं. मग नव्या मॅडम आल्या.

या आमच्या नव्या आरोग्य अधिकारी. बोलणं मऊ, पण प्रश्न एकेक असा की समोरच्याने पाण्याचा पेला शोधावा. आल्या आल्या त्यांनी प्रत्येकाला बोलावून घेतलं. मला विचारलं, "तुमच्या पुकाऱ्याचा उपयोग होतो, याला पुरावा काय?"

मला हसूच आलं. "पुरावा? मॅडम, मी बावीस वर्षं ओरडतोय!"

"ते ऐकू येतंच," त्या म्हणाल्या. "मी विचारतेय, त्याने डास कमी होतात का?"

"होतच असणार की!"

"असणार, की होतात?"

आता याला काय म्हणायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मॅडम शांतपणे म्हणाल्या, तीन महिन्यांनी समितीची बैठक आहे, जीप आरोग्य खात्याकडे ठेवायची की सोडायची ते तिथे ठरेल. उपयोगाचा पुरावा आणलात तर राहील. नाही आणलात तर जीप जाईल, आणि मी भांडारात. भांडार म्हणजे तळघरातली ती खोली, फिनेलच्या बाटल्या आणि झाडूंची. मी फिनेलच्या बाटल्यांशी काय बोलू? माझ्याकडे दुसरी कुठलीही कला नाही, आवाज गेला तर माझ्यात उरतं काय, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

"वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात जा," मॅडम म्हणाल्या. "संशोधन कसं शोधायचं आणि कसं पारखायचं, ते तिथले ग्रंथपाल शिकवतात. मीही त्यांच्याकडेच शिकले."

गेलो. दारातूनच विचारलं, "ग्रंथपाल कोण इथे?" आत अभ्यासाला बसलेल्या सगळ्या मुलांच्या माना एकदम वर. एका मुलीच्या हातातलं पेन खाली पडलं.

कपाटांमागून एक किडकिडीत गृहस्थ ओठांवर बोट ठेवून धावत आले. त्यांनी काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, "आँ?" त्यांनी पुन्हा म्हटलं. मी पुन्हा, "आँ?" माणूस कुजबुजतच बोलायचा. ग्रंथालयात जन्म गेला, गळ्याला तीच सवय लागलेली. नंतर एकदा बाहेर चहाला गेलो तर टपरीवरही कुजबुजत चहा मागितला आणि तो त्यांना काही मिळाला नाही. मी मागितला तर आम्हाला दोन आणि शेजारच्या दुकानदाराला एक असे तीन आले. मी मनात त्यांचं नाव कुजबुजसाहेब ठेवून दिलं.

त्यांनी मला संगणकापुढे बसवलं आणि शोधा म्हणून खूण केली. मी एका बोटाने टंकलं, 'डासांच्या तापावर भोंग्याने पुकारा करण्याचे उत्तम फायदे.' आणि काय सांगू, फायदेच फायदे! पानंच्या पानं! मी त्यातले चांगले जाडजूड लेख छापून घेतले, गठ्ठा त्यांच्यापुढे आपटला आणि म्हटलं, "घ्या. झालं काम."

कुजबुजसाहेबांनी गठ्ठ्याला हातसुद्धा लावला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. उत्तर मागवलंत."

"म्हणजे?"

"फायदे लिहिलंत, फायदे आले. आता 'उपयोग होत नाही' असं लिहून बघा."

लिहिलं. तर तितकाच मोठा गठ्ठा उलट बाजूने आला की! मी चक्रावलो. मग त्यांनी मला प्रश्न नीट मांडायला लावला. कुठले लोक, त्यांच्यासाठी काय केलं, कशाच्या तुलनेत, आणि नेमकं काय बदललं. "तुलना कशाशी, हे नसेल तर पुढे वाचूच नका," म्हणाले. मी रोज दुपारी जीप उभी करून त्यांच्याकडे जायला लागलो. गियर बाहेर झोपायचा.

पारखायला लागलो तसे माझे ते जाडजूड लेख एकेक करून गळायला लागले. पहिला लेख भोंगे बनवणाऱ्या कारखान्यानेच लिहवून घेतलेला. म्हणजे मुलगा कसा आहे हे मुलाच्या आईला विचारल्यासारखं. दुसऱ्यात लोकांना फक्त 'भोंगा ऐकला का' एवढंच विचारलेलं. ऐकला म्हणाले. पुढे पिंप झाकलं का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिसरा लेख मला फार आवडला होता. पुकारा केला आणि डास निम्म्याने घटले! मी तो घरी नेऊन बायकोला मोठ्याने वाचून दाखवला होता, शेजाऱ्यांनीही ऐकला. कुजबुजसाहेबांनी फक्त एका ओळीवर बोट ठेवलं. आधीची मोजणी पावसाळ्यात केलेली, नंतरची भर उन्हाळ्यात.

"भोंगा नसता तर डास तेवढेच राहिले असते का?" त्यांनी विचारलं.

मी मूग गिळून गप्प बसलो. ग्रंथालयात कुणालातरी हायसं वाटलं असावं.

हे खूळ डोक्यात शिरलं की घरही सुटत नाही. मला खोकला झाला होता, बायकोने आल्याचं पाणी दिलं, आठवड्यात बरं वाटलं. "बघा, माझ्या हाताने गेला खोकला," ती म्हणाली. मी म्हटलं, "कशाच्या तुलनेत? आल्याशिवायही आठवड्यात गेलाच असता." पुढच्या वेळी खोकला झाला तेव्हा तिने आलं दिलं नाही. "तुलना करतेय," म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली. खोकला आठवड्यानेच गेला, पण तेवढे दिवस मी जे काही भोगलं ते कुठल्याच लेखात सापडणार नाही.

शेवटी माझ्या हातात दोनच लेख उरले. एकात माणसं मोजकीच, फरक पडला नाही म्हणे. दुसरा अशा भागातला की तिथले डास आपल्याकडच्यांपेक्षा वेगळे. मी कुजबुजसाहेबांना म्हटलं, "मग काय, उपयोग नाही भोंग्याचा?"

"तसं नाही म्हणता येणार."

"म्हणजे उपयोग आहे?"

"तसंही नाही म्हणता येणार."

"अहो मग म्हणायचं तरी काय?" माझा आवाज सुटला. मागे कुणीतरी पुस्तकांचा ढीग पाडला.

"माहीत नाही, एवढंच," ते कुजबुजले. इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, पण कुणी इतका आब राखून 'माहीत नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

हे मी मॅडमना जाऊन सांगितलं. वाटलं, आता गेलो तळघरात. तर त्या खूशच झाल्या. म्हणाल्या, "नाहीये ना पुरावा? मग आपण मिळवू. पण नीट."

नीट म्हणजे काय, तर एकसारख्या आठ गल्ल्या घ्यायच्या. चार गल्ल्यांत भोंगा फिरवायचा, चारांत नाही. आधी आणि नंतर पिंपांमधल्या अळ्या बघायच्या. मी लगेच म्हटलं, "भोंग्याच्या गल्ल्या मी निवडतो." मला ठाऊक होतं ना कुठली माणसं टापटिपीची आहेत ते! कुजबुजसाहेब मान हलवत राहिले. शेवटी गियरच्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि मॅडमनी उचलल्या. माझ्या आवडत्या गल्ल्यांपैकी एकही भोंग्याला आली नाही. जळलं नशीब.

पिंपं बघायचं काम बायकोकडे. आणि अट अशी की कुठल्या गल्लीत भोंगा फिरला हे तिला कळता कामा नये. पुकाऱ्याच्या दिवशी तिला कामाला पार दुसऱ्या टोकाला पाठवायचे. घरी संध्याकाळी ती विचारायची, "आज कुठे होतात?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? कुणाबरोबर होतात?"

"गियरबरोबर."

"मग सांगायला काय झालं?"

"अगं, शास्त्र आहे ते!"

संसारात हे उत्तर कुणी दिलं नसेल. तिने माझ्याशी बोलणं टाकलं, माझा डबा नुसता समोर ठेवायची. मी मात्र भोंग्याच्या चार गल्ल्यांत जीव तोडून ओरडलो. आयुष्यात ओरडलो नसेन असा ओरडलो. "झाकून ठेवा हो!" यातला 'हो' मी असा लांबवायचो की गियर एका वळणावरून दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचायचा.

मोजणी झाली. मॅडमच्या खोलीत आम्ही पाचजण बसलो, मॅडम, कुजबुजसाहेब, गियर, बायको आणि मी. मॅडमनी बेरजा केल्या, एकदा तपासल्या, पुन्हा तपासल्या. मग चष्मा काढला.

भोंगा न फिरलेल्या गल्ल्या होत्या तशाच होत्या. भोंगा फिरलेल्या गल्ल्यांत अळ्या वाढल्या होत्या. चांगल्या भरपूर वाढल्या होत्या.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्या असतील," गियर म्हणाला.

मी उठून उभाच राहिलो. "हिने मुद्दाम केलंय!" मी बायकोकडे बोट दाखवलं. "मी बसून फिरतो याचा राग काढलाय!"

बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "कुठली गल्ली तुमची हे मला माहीत होतं का? तुम्हीच तोंड शिवून बसला होतात ना?"

"म्हणूनच तर सांगायचं नव्हतं त्यांना," कुजबुजसाहेब हळूच म्हणाले.

मी धपकन खाली बसलो. पण डोकं मानायला तयार नव्हतं. पुकाऱ्याने काही झालं नाही, हे एक वेळ समजू शकतो. पण 'झाका' म्हणून ओरडल्यावर अळ्या वाढतात कशा? माझ्या आवाजातून का पडतात त्या?

"का ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "जाऊन बघा."

माझा घसा बसतो तेव्हासाठी आमच्याकडे पुकाऱ्याची ध्वनिफीत आहे. गियरला म्हटलं, ती लावून फिर, मी गल्लीत उभा राहतो. मी कधीच गल्लीत उभा राहून स्वतःला ऐकलं नव्हतं. ऐकणार कसा? मी नेहमी जीपमध्ये.

दुपारची वेळ. गल्ली शांत. एक आजोबा खुर्चीत डुलकी काढत होते, वरच्या मजल्यावर कुणीतरी शिवणयंत्र चालवत होतं. लांबून माझा आवाज आला, "नागरिकांनो, सावधान!" मी म्हटलं, वा, काय आवाज आहे! छाती फुगली.

आणि दारं धडाधड उघडली. शिवणयंत्र थांबलं. आजोबा उठून आत पळाले, मला वाटलं नव्हतं ते पळू शकतील. "आला, आला! भरा गं! नळ सोड! ते मोठं पिंप घे!" पिंपं, बादल्या, हंडे, पातेली, जे हाताला लागेल ते नळाखाली. एका घरातून बाळाला आंघोळ घालायचा टब बाहेर आला, तोही भरला. माझा आवाज वरून बोंबलतोय 'पाणी साठवू नका', आणि अख्खी गल्ली माझ्या डोळ्यांदेखत पाणी साठवतेय!

"अहो थांबा!" मी ओरडलो. "ऐका तरी तो काय म्हणतोय!"

टब भरणारी बाई माझ्याकडे बघून हसली. "कोण ऐकतंय त्याचं? भोंगा आला की पाणी भरून ठेवायचं. उद्या नळ जाणार असतो ना."

"तो आरोग्य खात्याचा आहे! डासांचं सांगतोय!"

"असेल बाई," ती म्हणाली. "जीप तीच, माणूस तोच. कधी पाणी जातं, कधी नाही जात. आपण भरलेलं बरं. आमच्या सासूबाईंपासून असंच आहे."

मी म्हटलं, "आणि झाकत का नाही मग?"

"एवढ्या सगळ्याला झाकणं कुठून आणू?" तिने बाळाला कडेवर घेतलं. बाळ अगदी पाप्याचं पितर झालं होतं. "आत्ताच उठलंय हे तापातून. डासांचाच होता म्हणे. फार हाल झाले हो याचे. आम्हाला वाटलं, हाती लागत नाही आता."

तो टब काठोकाठ भरलेला, आणि तो माझ्या आवाजाने भरला होता. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने माझा आवाज ओळखलाही नाही, आणि मी सांगितलंही नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळीच अध्यक्षसाहेबांनी मला गाठलं. पुकाऱ्याच्या शेवटी त्यांचा आदेश येतो, तेव्हा भोंगा त्यांना जीव की प्राण. "पुरावा चांगला आहे ना?" खांद्यावर हात ठेवून विचारलं. "चांगलाच असणार! जीप कुठे जात नाही, काळजी करू नका."

ते गेल्यावर गियर म्हणाला, "हे बघ. कुणालाही विचार, भोंगा ऐकला का? सगळे हो म्हणतील. तेवढंच सांग आणि बस खाली. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. मन म्हणत होतं, सांग तेवढंच. बायको शेजारी उभी होती, बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली. "पण अळ्या मी बघितल्यात."

समितीत मला माईक दिला. मी बाजूला ठेवला. मी म्हटलं, "भोंगा सगळ्यांनी ऐकला." अध्यक्षसाहेब हसले, मान डोलावली. मी तिथेच थांबलो असतो तर पुढची सगळी वर्षं जीपमध्ये गेली असती. "ऐकला आणि सगळ्यांनी पाणी भरलं," मी म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं. चिठ्ठ्या, गल्ल्या, अळ्या, टब, आजोबांची धाव. खोलीत हशा पिकला. हसण्यासारखंच होतं, मीही हसलो असतो, पण ते बाळ डोळ्यांपुढून जाईना. कुजबुजसाहेबांनी मागून खूण केली म्हणून तेही सांगितलं, की आठच गल्ल्या बघितल्यात, सगळीकडे असंच असेल असं म्हणता येणार नाही. अध्यक्षसाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. बायको मागच्या रांगेत होती. ती हसत नव्हती.

"म्हणजे भोंगा बंद," मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट!" पाणीपुरवठ्याचे साहेब ताडकन उठले. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. "म्हणजे भोंगा वाजल्याबरोबर लोक पाणी भरतात? सगळे? अहो, हा तर आमच्या कामाचा पुरावा झाला! जीप आम्हाला द्या. आणि हा माणूसही द्या, पूर्ण आठवडा!"

बघा आता! जीप राहत होती, माईक राहत होता, तळघर टळत होतं. माझा आवाज कामाचा आहे हे चक्क सिद्ध झालं होतं, समितीपुढे, तुलनेसकट! नाही कशाला म्हणू, मला जायचं होतं. जीव जात होता माझा जायला. 'हो' अगदी ओठांवर आलेलं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

माझी नजर बायकोकडे गेली. मी भोंग्यावर ओरडणार, लोक पिंपं भरणार, आणि दुसऱ्या दिवशी ही त्यात बॅटरी मारत दुखऱ्या पायांनी दारोदार फिरणार. संसाराचं सोडा, त्या टबाचं काय?

"मला पिंपं बघायला पाठवा," मी म्हटलं. "हिच्याबरोबर. पायी."

बायको तोंडाला पदर लावून खोकली. रडली की हसली ते तिने आजवर सांगितलेलं नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "आधी चपला घ्या चांगल्या. या टिकायच्या नाहीत." जीप पाणीपुरवठ्याला गेली. पुकारा गियरकडे गेला. तो बोलतोही दुसऱ्या गियरमध्ये, वाक्य पुरं होईपर्यंत गल्ली संपते.

पहिल्या दिवशी पहिलंच दार. एका बाईने उघडलं. मी सवयीने छाती भरून घेतली, "आम्ही आरोग्य खात्याकडून आलोय!" आत झोपलेलं मूल किंचाळून उठलं, समोरच्या घरातला माणूस बादली घेऊन बाहेर आला.

"अहो, हळू!" बायकोने कोपर मारलं.

मी घसा खाकरला आणि जमेल तितक्या हळू म्हटलं, "पिंप झाकून ठेवत जा, एवढंच सांगायचं होतं."

त्या बाईने मुलाला थोपटत विचारलं, "झाकू हो, पण कसं? पिंपाचं तोंड फुटलंय, झाकण बसतच नाही. काय करू सांगा ना."

मी बायकोकडे बघितलं. ती शेजारच्या दाराची कडी वाजवायला निघून गेली होती, मुद्दामच. इतकी वर्षं मी 'झाका, झाका' म्हणत फिरलो, पण कशाने ते मला कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं? मी बोलायचो तेव्हा जीप चालू असायची.

"आत येऊन बघता का?" बाई म्हणाली.

मी चपला काढून आत गेलो. पिंपाचा काठ एका बाजूने पार गेला होता. झाकण ठेवून बघितलं, ताट ठेवून बघितलं, दोन्ही घसरली. मग तिने एक जुनं जाड धोतर काढलं. आम्ही ते दुहेरी केलं, तिने एक टोक ओढून धरलं, मी काठाखालून दोरी फिरवली आणि गाठ मारली. पहिली सुटली. दुसरी घट्ट बसली. मी सगळीकडून बोट फिरवून बघितलं, कुठे फट नव्हती.

बावीस वर्षांत मी झाकलेलं ते पहिलं पिंप.